बादलीवर ठेवलेले स्टेअरिंग

३ जून

प्रिय मावशी,

नमस्कार. आधी तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना, मग तुला.

तुझे पाकीट बसच्या कंडक्टरने दुकानात आणून दिले. पेनड्राइव्ह शाबूत आहे. तू तो मोज्यात गुंडाळला होतास, त्यामुळे पाकीट उघडताच आमचे मालक म्हणाले, "घरून मोजा आला वाटतं. एकच?" मी हसलो, पण मोजा लगेच खिशात घातला.

तुझ्या चिठ्ठीवरून मला समजले ते असे. काका या महिन्यात निवृत्त होत आहेत. डेपोत निरोपाचा कार्यक्रम आहे आणि तिथे पडद्यावर दाखवायला त्यांच्या फोटोंची पाने करायची आहेत. फोटो काकांनी स्वतः निवडले आहेत, पण पाने कशी होणार ते त्यांना आधी कळू द्यायचे नाही. फोनवर बोलायचे नाही, कारण तुमच्या घरात फोन सगळ्यांना ऐकू येतो. यात काही चुकले असेल तर कळव.

मी जी पाने करणार आहे त्यांना आमच्याकडे खिशांची पाने म्हणतात. पूर्वी अल्बममध्ये प्लास्टिकचे छोटे खिसे असायचे आणि प्रत्येकात एक फोटो सरकवायचा. तेच आता कॉम्प्युटरवर करतात. एका पानावर नऊ खिसे येतात. सगळ्यांत फोटो भरले तर पान गुदमरते. म्हणून काही खिशांत दोन ओळी मजकूर घालायचा आणि काहींत आकार ठेवायचा. आकार म्हणजे एखादी वस्तू कागदातून कापून काढावी तशी. कॉम्प्युटरमध्ये तयार आकार पुष्कळ आहेत. बदाम, फुगे, मुकुट, फुलपाखरे. पण काकांच्या शेजारच्या खिशात फुलपाखरू ठेवायला माझा हात होईना. काका त्या फुलपाखराकडे कसे बघतील ते मला आधीच दिसले.

म्हणून आकार मी स्वतः करायचे ठरवले. जुन्या फोटोतल्या काकांच्या बसच्या कडेकडेने एकेक बिंदू टाकत गेलो. दोन्ही बाजूंचे आरसे बसच्या कानांसारखे दिसतात, तेही सोडले नाहीत. शेवटचा बिंदू पहिल्याला जोडला की आकार बंद होतो. मग तो कुठल्याही खिशात ठेवता येतो, लहानमोठा करता येतो, हवा तो रंग भरता येतो. बस झाली आहे. स्टेअरिंग आणि हॉर्नचे काम चालू आहे.

एक विचारायचे आहे. अलीकडच्या फोटोंत काका बसमध्ये नाहीत, बसच्या बाहेर आहेत, आणि त्यांच्या हातात बादली आहे. एका फोटोत लांब दांड्याचा ब्रश आहे. असे फोटो बरेच आहेत. ते चुकून आले का? न विचारता काही करावे असे मला वाटत नाही.

माझे इकडे चांगले चालले आहे. खिडकीजवळच्या टेबलाशी काम करतो. मालक बारीक कामे माझ्याकडेच देतात. आईशी बोलशील तेव्हा सांग.

तुझा भाचा


९ जून

बारीकराव,

पत्र पोचलं. मोज्याला हसायचं नाही. त्याचा जोडीदार हरवलाय म्हणून बिचारा कामाला लागला. परत पाठव, दुसरा सापडेल अशी मला अजून आशा आहे.

तुझं पत्र शेजारच्या शिवणवाल्या बाईंना वाचून दाखवलं. बिंदू टाकत जायचं वगैरे ऐकून त्या म्हणाल्या, "भाचा इंजिनियर आहे का हो?" मी म्हटलं, त्याच्याच जवळपास. नववीत शाळा सुटली ते काय कपाळावर लिहून फिरायचंय? तुझी आई तुझ्या काळजीने अर्धी झाली होती, आता बघ कशी ताठ चालते. ताईला सगळं कळवलं. खिडकीजवळचं टेबल पण.

आता बादलीचं. अरे, काकांची हौस ती. गाडी घाण दिसली की त्यांना घास उतरत नाही. लहानपणी सुट्टीत यायचास तेव्हा तुझे कान कसे घासायचे, विसरलास का? तशीच गाडी घासतात. फोटो त्यांनीच काढून दिले. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाले "असू दे." तुला माहितीये, तो माणूस दोन शब्दांच्या वर तिसरा शब्द खर्च करत नाही.

पण तूच सांग, निरोपाच्या दिवशी पडद्यावर बादली बरी दिसते का? आपली माणसं येणार, डेपोचे साहेब येणार, माझी जाऊ येणार. ती तर नाक घरून वर करूनच निघते. जन्मभर ज्याने एवढी धूड गाडी चालवली त्याच्या हातात बादली! ती तेवढी झाकून टाक. तुझे आकार-बिकार आहेतच. काकांना विचारायला जाऊ नकोस. बादली दिसता कामा नये, बाकी तुझी अक्कल.

गुडघे तुझ्या नमस्काराने खूश झाले, जिना मात्र अजून चढू देत नाहीत.

मावशी


१६ जून

प्रिय मावशी,

पाने पूर्ण झाली. पेनड्राइव्ह या पाकिटात आहे, मोज्यातच. म्हणजे मोजाही परत आला.

बादली कुठेही दिसत नाही. ती कशी झाकली ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नुसता चौकोन किंवा बदाम वर ठेवला असता तर काही तरी झाकले आहे हे लगेच कळले असते. मी बादलीकडे पाहत होतो आणि लक्षात आले की तिचे तोंड गोल आहे आणि स्टेअरिंगही गोल आहे. म्हणून माझा स्टेअरिंगचा आकार बादलीवर ठेवला, थोडा तिरका केला, बादली पूर्ण बुजेपर्यंत मोठा केला. तरीही तो चिकटवल्यासारखा वाटत होता. मग काकांच्या अंगठ्याच्या कडेने बिंदू टाकून तेवढा अंगठा स्टेअरिंगच्या वर आणला. आता काकांनी ते खरोखर धरले आहे असे वाटते. मालकांना दाखवले. ते म्हणाले, "हात सफाईचा आहे तुझा." ते सहसा असे म्हणत नाहीत.

ब्रशच्या जागी हॉर्न ठेवला आहे.

एक फोटो अवघड होता. त्यात काकांच्या शेजारी आणखी चार माणसे उभी आहेत आणि सगळ्यांच्याच हातात बादल्या आणि ब्रश आहेत. एवढी स्टेअरिंगे ठेवली असती तर दुकान वाटले असते. म्हणून त्या चौघांवर मी बसचा आकार ठेवला. आता काका बसशेजारी एकटे उभे आहेत आणि फोटो छान मोकळा दिसतो.

एवढे सगळे जण रोज मिळून गाडी का धुतात, असे मला एकदा विचारावेसे वाटले होते. पण मी नको तेवढे बारीकसारीक विचारत बसतो असे सगळे म्हणतात, म्हणून सोडून दिले.

कार्यक्रम कसा झाला ते सविस्तर कळव. काका पानांबद्दल काय म्हणाले ते त्यांच्याच दोन शब्दांत कळव.

तुझा भाचा


३० जून

प्रिय मावशी,

कार्यक्रम होऊन आठवडा झाला असेल. पत्र नाही. पेनड्राइव्ह उघडला नाही का? काही वेळा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालत नाही. पडद्यावर रंग फिके आले का? खिशांच्या कडा कापल्या गेल्या का? मी सगळे दोनदा तपासले होते.

कंडक्टरला विचारले तर तो म्हणाला, "तुमच्या काकांना पाहिलं, बरे आहेत," आणि लगेच तिकिटे फाडायला लागला. गाडी उभी होती आणि आत कोणीही नव्हते.

भाचा


८ जुलै

बाळा,

लिहायला बसले की उठत होते. आज बसलेच.

कार्यक्रम डेपोतल्या मोठ्या खोलीत होता, जिथे एरवी पाळ्यांचे कागद लावतात. पुढच्या रांगेत आपली सगळी माणसं. मागे भिंतीला टेकून चौघं उभे होते. खुर्च्या होत्या, पण बसले नाहीत. तुझी पहिली पानं आली, काका तरुण, दाट केस, बसच्या दारात. टाळ्या पडल्या. मी जावेकडे मुद्दाम वळून पाहिलं.

मग ते पान आलं. काका रबरी बूट घालून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यात उभे. आणि हातात नुसतं स्टेअरिंग. मागून कोणी तरी म्हणालं, "गाडी कुठाय? धुता धुता विरघळली काय?" सगळी खोली हसली. जाऊ सगळ्यांत जोरात. साहेबही हसले. दुसरं पान, तिथेही स्टेअरिंग. मग हॉर्न. मला वाटलं काकाही हसतील. ते पडद्याकडे असे बघत होते, जसा रात्रीच्या रस्त्यावर समोरून दिवे आल्यावर माणूस बघतो.

मग तो पाच जणांचा फोटो आला, आणि चौघांच्या जागी बस. तेव्हा हसणं थांबलं. भिंतीपाशी उभे होते ना, ते तेच चौघं होते. त्यांच्यातला एक, ज्याला छत्री म्हणतात, त्याने हातातला चहा न पिता खिडकीत ठेवला आणि चालायला लागला. त्याच्यामागे बाकीचे. काका उठून त्यांच्यामागे गेले. परत आले तेव्हा आम्ही खुर्च्या आवरत होतो.

आता खरं ऐक. काही वर्षांपूर्वी तपासणीत काकांची नजर कमी भरली. गाडी काढून घेतली आणि गाड्या धुण्यावर लावलं. तेव्हापासून ते तिथेच होते, त्या चौघांबरोबर. मी हे कुणालाच कळू दिलं नाही. ताईला नाही, जावेला नाही, शिवणवाल्या बाईंना नाही. कुणी विचारलं की मी "ड्युटीवर गेलेत" म्हणायचे. ते खोटं नव्हतं ना. काकांनी कधीच लपवलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण मी कुणाला विचारू दिलं नाही.

तुझी चूक नाही. मी सांगितलं, तू केलंस. काकांना मी हे सगळं सांगितलं, ते "बरं" म्हणाले. घरात बोलणं बंद आहे असं नाही, "मीठ दे" म्हणतात. पण सकाळी उठून धुण्याच्या जागेपर्यंत जातात आणि आत न जाता परत येतात. चपलांना चिखल नसतो, त्यावरून कळतं.

तुझी चूक नाही हे मी परत लिहिते. पण एक मनात आहे ते काढून टाकते. मी बादली झाक म्हटलं होतं. माणसं झाक असं नव्हतं म्हटलं.

मावशी


१३ जुलै

काका,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहावा की नाही ते ठरवण्यात दोन कागद गेले. नमस्कार.

मला मावशीने सांगितले होते म्हणून मी केले, असे आधी लिहिले होते. ते खोडले. मावशीने एक गोष्ट सांगितली होती. ती इतकी चांगली करून दाखवण्याची हौस माझी होती, आणि दुसरी गोष्ट मी माझ्या मनाने केली.

त्या फोटोत तुमच्या उजव्या हाताला उभा असलेला उंच माणूस हसत आहे. त्याच्यावर बस ओढताना मला त्याचे हसणे दिसत होते. मी फक्त एवढेच पाहत होतो की बसच्या कडेबाहेर त्याचा काही भाग राहतो का. कान राहिला होता. मी बस थोडी मोठी केली. हे मला आता सारखे आठवते. पोळी तोंडात असताना आठवते. दुकानात कोणी हसले की आठवते. तेव्हा मला एकदाही असे वाटले नाही की हा माणूस हे पान पाहील. मी त्याला तुमच्या फोटोत चुकून आलेला समजलो.

सुट्टीत तुम्ही मला इंजिनाच्या झाकणावर बसवून फेरीला न्यायचा आणि वाटेत उभे असलेल्या प्रत्येकाला हात करायचा. मी विचारले होते की हे सगळे ओळखीचे आहेत का. तुम्ही म्हणाला होता, "होतील." तुमच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल मला एवढे तरी कळायला हवे होते.

तुम्ही गाड्या धुता हे मला माहीत नव्हते, हे खरे आहे. पण माहीत असते तर मी वेगळे केले असते का, याचे उत्तर मला देता येत नाही. मला वाटते मी आणखी काळजीपूर्वक झाकले असते.

एकच बरी गोष्ट आहे. आकार फोटोवर नुसता ठेवलेला असतो. तो उचलला की खालचा फोटो जसाच्या तसा असतो. सगळे फोटो माझ्याकडे सुरक्षित आहेत. तुम्ही म्हणाल तर मी पाने पुन्हा करीन. त्या चौघांना कोणत्या नावाने हाक मारतात ते कळवले तर त्यांनाही लिहीन. तुम्हाला पाने नको असतील तर तेही बरोबर आहे.

तुमचा भाचा


२१ जुलै

बारीकराव,

पत्र मिळालं. मी आजवर रजेचे अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही. हेही तसंच वाटेल.

मला वाईट वाटलं. नाही वाटलं असं म्हणणार नाही. लोक हसले त्याचं नाही. लोक हसतात, बसमध्ये तर फार हसतात.

गाडी काढून घेतली तेव्हा वाईट वाटलं होतं. ते तेव्हाच संपलं. धुण्यावर पहिल्या दिवशी मला पाण्याचा पाइप धरता येईना. तो सापासारखा फिरला आणि माझे बूट भरले. छत्रीने स्वतःचे रबरी बूट काढून दिले आणि दिवसभर अनवाणी राहिला. त्याला छत्री म्हणतात कारण तो कडक उन्हातही छत्री घेऊन येतो, आणि मग पाण्यात भिजायला उतरतो. दुसरा मास्तर. चष्मा आहे म्हणून मास्तर, शाळेशी काही संबंध नाही. तिसरा नवरदेव, पन्नाशी उलटली, लग्न जमतंय. चौथा मुका. मुका बोलतो, पण बोलण्यासारखं असलं तरच. तू ज्याचा कान झाकलास तो मुका. तो फोटोत हसला होता, हे धुण्यावर सगळ्यांनी एकमेकांना बोलावून दाखवलं होतं.

फोटो मी दिले ते त्याचसाठी. कार्यक्रमाला चौघांना मीच बोलावलं. म्हणालो, या, तुम्ही पडद्यावर आहात. ते शर्टांना इस्त्री करून आले.

बाहेर गेलो तर छत्री म्हणाला, "आमची लाज वाटत होती तर बोलावलंत कशाला?" मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "फोटो तुम्हीच दिलेत ना?" बायकोचं नाव सांगायचं? भाच्याचं सांगायचं? नाही सांगितलं.

पानं पुन्हा कर. वर ठेवलेलं उचल. फुलपाखरं घालू नकोस.

आणि एक. पाकिटं आणणारा कंडक्टर आपल्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, "तुमचा भाचा दुकानाची काच पुसत होता. फार मन लावून पुसतो." मी घरात बोललो नाही. तुझ्या मावशीने तुला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलंय, तिथून मी कशाला उठवू. पण मला तरी सांगायचं होतंस.

शेवटच्या पानावर एक खिसा मोकळा ठेव. त्यात तुझा फोटो घाल, काचेजवळचा. जमलं तर. नाही जमलं तर खिसा मोकळा राहू दे. गाडीत एखादी जागा मोकळी असली म्हणून गाडी अडत नाही.

काका


४ ऑगस्ट

काका,

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी ते पूर्ण वाचले नाही. "आणि एक" इथपर्यंत आलो आणि पुढचे मला कळले. घडी घालून ठेवले. पुढे बरेच दिवस ते शर्टाच्या खिशात होते आणि मी वाकलो की बाहेर डोकावत होते.

खिडकीजवळ टेबल आहे. ते मालकांच्या मेहुण्याचे आहे. तो जेवायला गेला की मी तिथे बसतो. तुमची पाने मी त्याच वेळात केली. बाकी दिवसभर मी ओळखपत्रांचे फोटो कापतो, लॅमिनेशन करतो, मालकांच्या चपला दाराबाहेरून आत आणि आतून बाहेर करतो, चहा आणतो, आणि सकाळ-संध्याकाळ काच पुसतो. मालकांनी माझ्या हाताला सफाईचा म्हटले ते मी मावशीला लिहिले. त्यानंतर ते म्हणाले, "आता काच घे." ते लिहिले नाही.

अंगठा वर आणण्याची युक्ती मला एवढ्या पटकन कशी सुचली, असा मी विचार केला. दुकानात ओळखीचे कोणी आले की मी फडके पाठीमागे धरतो आणि दुसरा हात टेबलावर टेकतो. इतका सहज टेकतो की टेबल माझेच वाटते.

पाने या पाकिटातल्या पेनड्राइव्हमध्ये आहेत, हा फोनलाही लागतो. बादलीवरची स्टेअरिंगे उचलली, ब्रशवरचे हॉर्न उचलले. बसखालून चौघे जण जसेच्या तसे निघाले. मुक्याचे हसणे मी मोठे करून पाहिले. एक दात थोडा पुढे आहे, म्हणून ते हसणे आधी डाव्या बाजूला सुरू झाल्यासारखे दिसते. तो फोटो आता एका खिशात नाही, मधले तीन खिसे एकत्र करून त्यांत ठेवला आहे.

आकार नवीन केले आहेत. फोटोतल्या बादलीचीच बादली केली, तिच्या कडीला तार गुंडाळलेली आहे ती तारही घेतली. छत्रीसाठी छत्री. ती फोटोत नव्हती, म्हणून आमच्या दुकानातली उघडून टेबलावर ठेवली आणि तिच्यावरून काढली. मास्तरांसाठी चष्मा. नवरदेवांसाठी इस्त्रीचा शर्ट. मुक्यासाठी काय करावे ते सुचेना. मग एका फोटोत ते नळावर हात ठेवून उभे दिसले, जसा कोणी मित्राच्या खांद्यावर ठेवतो. म्हणून नळ केला. कोणताही आकार कोणत्याही माणसावर ठेवलेला नाही. प्रत्येक आकार शेजारच्या खिशात आहे. त्या चौघांसाठी वेगळी चिठ्ठी लिहायला घेतली होती, पण तिच्यात नुसती माझीच लाज भरत होती. म्हणून लिहिली नाही. तुम्हीच त्यांना सांगा की झाकणारा मी होतो. माझे नाव सांगा.

शेवटच्या खिशाचे लिहितो. मेहुण्याला म्हणालो, माझा एक फोटो काढ. तो म्हणाला, "फडकं ठेव ना खाली." मी म्हणालो, "असू दे." फोटो खिशात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. भोवती एखादी चौकट करावी असे फार वाटले. केली नाही. पाहताना मावशी शेजारी असेल तर तिला आधी बसायला सांगा.

आईला मी स्वतः लिहीन. अजून लिहिलेले नाही.

तुमचा भाचा


१२ ऑगस्ट

बारीकराव,

काकांनी पानं घरात उघडलीच नाहीत. मला म्हणाले, "चल." मी म्हटलं गुडघे. तर म्हणाले, "जिना नाहीये." इतक्या वर्षांत मी त्या धुण्यावर कधी गेले नव्हते. जवळच आहे रे. पंपाच्या मागे.

चौघं होते. काकांना बघून कामाला लागल्यासारखं केलं. काकांनी एक बादली उलटी केली, तिच्यावर फोन टेकवला आणि म्हणाले, "माझ्या भाच्यानं झाकलं होतं. हिनं सांगितलं होतं. दोघंही चुकलेत. आता बघा." मी आयुष्यात त्यांना एवढं बोलताना ऐकलं नाही, आणि बोलले ते हे. मला वाटलं तिथे साचलेलं पाणी जरा खोल असतं तर बरं झालं असतं.

छत्रीने आधी पाठ केली. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, मग पुढे आला. नवरदेव म्हणाला, "शर्ट ढगळ काढलाय. मुलीकडचे बघतील." मास्तरने आपला चष्मा काढून पुसला आणि तुझा चष्मा परत बघितला. मोठा फोटो आला तेव्हा छत्रीने पान पुढे सरकवू दिलं नाही, काकांचं बोट धरून ठेवलं.

मग तू आलास. हातात फडकं, मागे काच, काचेत रस्ता. काकांनी मला बसायला दुसरी बादली दिली होती, ती का दिली ते तेव्हा कळलं. मी रागावले नाही. मला फक्त एकामागून एक आठवत गेलं, मी कुणाकुणाला काय काय सांगून ठेवलंय. छत्रीने तुझा फोटो मोठा केला आणि म्हणाला, "फडकं ओलं दिसतंय. काचेला ओघळ राहतील. शेवटचा हात कोरड्या वर्तमानपत्राचा मारायला सांगा." तर हा तुला निरोप.

घरी आलो तर शिवणवाल्या बाई दारातच. "कुठे जोडीनं?" म्हणाल्या. मी म्हटलं, ह्यांच्या धुण्यावर. "कसलं धुणं?" मग सगळं सांगितलं. काकांचं आणि तुझंही. भाचा काच पुसतो, आणि टेबल रिकामं असलं की चित्रं करतो, असं म्हटलं. पहिलं सांगताना जीभ जड झाली, खोटं कशाला लिहू. त्या "असं होय" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचं ते "असं होय" अजून टोचतंय. ताईला तू लवकर लिही. मी सांगणार नाही, पण तिनं विचारलं तर आता मला टाळता येणार नाही.

दुसरा मोजा सापडला. काकांच्या रबरी बुटात होता.

आता शेवटचं. हे लिहू की नको असं मी काकांना विचारलं, ते म्हणाले, "लिही." मुक्याने पानं बघितली नाहीत. काका म्हणाले, "बघ तरी, तुझा नळ काढलाय त्यानं." तो उठला आणि नळ बंद करायला गेला. खूप वेळ आमच्याकडे पाठ करून नळावर हात ठेवून उभा होता. निघताना मी त्याच्या जवळून गेले. नळ आधीपासून बंदच होता.

मावशी